बटण कुणी दाबलं

३ मार्च, सोमवार

धाकट्याच्या अपघाताच्या अहवालाचं भाषांतर जपानहून आलं. चार पानं. त्यातलं एकच वाक्य कामाचं — "यंत्र अनवधानाने सुरू झाले." सुरू झाले म्हणे! पाऊस सुरू होतो. प्रेस मशीन आपोआप सुरू होत नाही. त्याला बटण असतं आणि बटणावर कुणाचं तरी बोट असतं. धाकटा आत वाकून साफसफाई करत होता. हे बाहेरच्या चौघांना माहीत होतं. हेही त्याच अहवालात लिहिलंय, खाली, बारीक अक्षरात.

सोबत कंपनीकडून बिस्किटांचा डबा. एकेक बिस्किट वेगळ्या कागदात. काकांनी एकही कागद न फाडता तीन उघडली. "काय नीटनेटकी माणसं आहेत बघ!" आणि खाल्लीही. तिथंच बसून. त्याच्या फोटोसमोर.

मला शिसारी आली. डबा मी बाहेर नेऊन टाकला. काका म्हणाले, "अन्नावर कसला राग?"

५ मार्च, बुधवार

सकाळी कंपनीबरोबर व्हिडिओवर बैठक. पडद्यावर सहा माणसं, एका रांगेत, काळे कोट. उभी राहिली, कमरेत वाकली. मी वीसपर्यंत मोजलं, तेव्हा सरळ झाली. सगळी एकदम. तालीम केलेली असणार.

दुभाष्या एजन्सीचा. ज्या एजन्सीने धाकट्याला तिकडे पाठवलं, तीच. नियम असा की प्रश्न आठ दिवस आधी लेखी द्यायचे. मी एकच दिला होता. त्या वेळी बटण कुणी दाबलं? पाच शब्दांचा प्रश्न. ह्याने त्याचं पाच मिनिटांचं कीर्तन केलं. साहेबांनी त्याहून लांब उत्तर दिलं. मग हा आमच्याकडे वळून, मान तिरपी करून — "कंपनीला अतीव दुःख आहे. सुरक्षेचे उपाय वाढवण्यात आले आहेत."

म्हटलं, "मी हे विचारलं नव्हतं."

"ताई, त्यांच्यात असं थेट विचारत नाहीत हो."

ताई! मला ताई म्हणणारा एकच होता. तो शब्द ह्या तोंडातून बाहेर पडला आणि कान धुवावेसे वाटले.

पुढची बैठक २२ तारखेला. ती शेवटची. नंतर फाइल बंद.

आई सगळा वेळ शेजारी बसून होती. पडदा काळा झाल्यावर म्हणाली, "मग कुणी गं?"

रोज सकाळी हेच विचारते. चहा ओतताना.

६ मार्च, गुरुवार

जपानी भाषेच्या क्लासला नाव घातलं. प्राथमिक. आठवड्यात तीन दिवस, संध्याकाळी सहा. कारकुनाने विचारलं, "नोकरी की हौस?" दोन्ही नाही, म्हटलं. त्याने फॉर्मवर "हौस" लिहिलं.

८ मार्च, शनिवार

लॅबमधून थेट गेले. नखांत प्लास्टर तसंच. दिवसभर लोकांच्या दातांचे साचे भरायचे आणि संध्याकाळी शाळा!

वर्गात नऊजण. सगळे हसरे. एक निवृत्त बँकवाले गृहस्थ आहेत, सहलीला निघालेत. मी त्यांना मनात पर्यटक म्हणते. त्यांना स्वच्छतागृह कुठे एवढंच शिकायचंय. फळ्यावर प्रश्न मांडले. काय, कुठे, केव्हा, कोण. कोण म्हणजे दारे.

"दारे-खिडक्या!" पर्यटक.

सगळे खो खो हसले. मीही हसले. खरंच हसले! घरी येऊन दोनदा तोंड धुतलं.

शिक्षिकेने सांगितलं, 'दा' आखूड म्हणायचा. "दारे देसु का?" म्हणजे, कोण आहे? शेवटचा 'का' आपल्यासारखाच, प्रश्नाचा. पुढच्या वेळी घरच्यांचा फोटो आणायचा. बोट ठेवून एकमेकांना विचारायचं.

११ मार्च, मंगळवार

फोटो नेला. न्यायला नको होता.

माझ्या जोडीला पर्यटक. आईवर बोट — दारे देसु का? सांगितलं. काकांवर बोट. सांगितलं. मग त्याच्यावर. त्यांच्या नखाने त्याचा चेहरा झाकला गेला. दारे देसु का?

ओतोतो देसु. धाकटा भाऊ आहे.

"छान हसरा आहे! काय करतो?"

"कंपनीत असतो," म्हटलं. आहे, असतो. सगळे वर्तमानकाळ. ते "वा वा" म्हणाले आणि मी मान डोलावली. त्यांची चीड आली नाही, स्वतःची आली. एवढं सफाईदार खोटं मला येतं हे माहीत नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

वर्ग सुटल्यावर थांबले. शिक्षिकेला म्हटलं, एक वाक्य हवंय. बटण कुणी दाबलं?

"लिफ्टचं?"

"हो."

तिने लिहून दिलं. दारे गा ओशिमाश्ता का. म्हणाली, दारेच्या मागे 'गा'च लावायचा. 'वा' कधीच नाही. 'वा' आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या माणसाला लागतो, आणि कोण हे तर अजून कळायचंय. बाई शिकवते चांगलं, हे कबूल करायला हवं. पुढे म्हणाली, "समोर मोठी माणसं असतील तर दारे नको. दोनाता म्हणा. त्यात आदर आहे."

वहीत दोनाता लिहिलं. बसस्टॉपवर आल्यावर खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला.

१७ मार्च, सोमवार

साचे भरताना पुटपुटत होते. मालक म्हणाले, "मंत्र म्हणताय की काय? कवळी आपोआप बसेल अशाने!" सगळी लॅब हसली. हातात कुणाचा तरी जबडा होता, सगळ्या किडक्या दातांसकट. त्या जबड्याकडे बघत म्हणत राहिले. दारे गा. दारे गा.

दुपारी दुभाष्याचा फोन. प्रश्न आलेले नाहीत, म्हणे. म्हटलं, ह्या वेळी प्रश्न नाहीत. "फार बरं केलंत, ताई." आवाजात असं काही सुख होतं की जेवण गेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

आईलाही पाठ झालं. मला विचारते, "'गा' लांब की आखूड?"

२२ मार्च, शनिवार

लगेच लिहून काढते.

पुन्हा काळे कोट, पुन्हा वाकणं. ह्या वेळी मागे कारखान्यातले चौघं उभे केले होते, राखाडी टोप्या घातलेले. दुभाष्याने सुरुवात केली — "आज कुटुंबाकडून प्रश्न नाहीत —"

मी म्हटलं. दारे गा ओशिमाश्ता का.

तिकडे कुणी हललं नाही. दुभाष्या, "ताई, अहो ताई, असं नाही —" मी पुन्हा म्हटलं. आता मोठ्याने. आईही माझ्याबरोबर म्हणाली.

साहेब टेबलाकडे बघायला लागला. सहाच्या सहा खाली बघायला लागले. आणि मागे टोकाला एक म्हातारा होता, साठीच्या पुढचा. त्याने हात वर केला आणि बोट नाकावर ठेवलं! नाकाच्या शेंड्यावर. आमच्याकडे सरळ बघत. साहेब मागे वळून काहीतरी कडक बोलला. तरी ह्याने बोट काढलं नाही. मग चित्र गेलं. दुभाष्या म्हणाला, नेटवर्क.

काका म्हणाले, "नाक खाजवतोय लेकाचा, अशा वेळी!"

दोन आठवडे. दारे-खिडक्या, पर्यटकाचं नख, सगळं ह्यासाठी. मी माणसाच्या जिवाबद्दल विचारते आणि हा नाकाशी खेळतो. लहान पोरालाही त्याची आई हातावर चापटी मारेल. ओंगळ! ती माणसं, तो दुभाष्या, ती भाषा — सगळ्याचीच किळस आली.

आई तेवढी म्हणाली, "तो रडत होता गं."

म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंच, म्हटलं.

फाइल बंद झाल्याचं पत्र दुपारी आलं. इतक्या तातडीने!

२५ मार्च, मंगळवार

क्लास सोडायला गेले, पुस्तक परत द्यायला. शिक्षिकेने कारण विचारलं. खरं ते सांगितलं. लिफ्ट नव्हती, प्रेस होती. भाऊ होता. कुणी दाबलं विचारलं, तर एकाने नाकावर बोट ठेवलं, हेही.

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "'मी' म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. ती माणसं नाकावर बोट ठेवतात."

पुस्तक घेऊन परत आले.