मुंबई ते चिपी, सव्वा तास

अण्णा,

तुमच्या वेळी मुंबईहून घरी यायचं म्हणजे अख्खी रात्र जायची आणि वर दुसऱ्या दिवसाचा बराच वेळ. आता आपल्या घराजवळच, चिपीच्या माळावर विमान उतरतं. रस्त्याने पाचशे किलोमीटर, वरून चारशेच्या आत, सव्वा तासाचं काम. हे मी आईला पटवत होते, कारण मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तिचा एकच हट्ट होता, "माका माझ्या घराक घेवन चल गो. हंय मरूचा नाय माका." गाडीचा प्रवास तिला झेपणारच नव्हता. विमानाला डॉक्टर कसेबसे हो म्हणाले, तेही "सव्वा तासच ना?" असं दोनदा विचारून.

सव्वा तास उलटून गेला तरी विमान उतरेना. खाली नुसते ढग. वैमानिक सांगतो, धावपट्टी दिसत नाही, घिरट्या घालतोय, नाही जमलं तर परत मुंबई. परत मुंबई! आईचे ओठ निळसर पडलेत, श्वास वरच्यावर चाललाय, बोटं माझ्या मनगटात रुतलीत. "खंय इलो गो?" ती विचारते. घरावरच आहोत, मी म्हणते. खोटं नव्हतं ते. मग ती म्हणाली, "गाऱ्हाणां घाल."

अण्णा, ते तुमचं काम. प्रवासाला निघताना नारळ ठेवून तुम्ही देवाला साकडं घालायचात आणि प्रत्येक मागण्यामागे आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा मला हसू फुटलं तर केवढ्याने खेकसला होतात, "दात कित्याक काढतंस गो? व्हय म्हणूक माणसां लागतत!" बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. लाज गुंडाळली, डोळे मिटले आणि भसाड्या आवाजात सुरू केलं. माझ्या आवशीक तिच्या घराक पोचव रे म्हाराजा! मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा." ह्या विमानाक वाट दाखय रे म्हाराजा! आता अर्धं विमान, "व्हय म्हाराजा!" हवाई सुंदरी बिचारी पट्टा बांधून आमच्याकडे बघतच राहिली.

उतरलो एकदाचे. ढग आपसूक फाटले म्हणा, नाहीतर देवाने ऐकलं म्हणा. चाकं टेकली तेव्हा मी हमसून हमसून रडले, आणि रडतेस काय म्हणून आईनेच मला दटावलं.

आज ती पडवीत बसून पेज जेवते आणि मला कामाला जुंपते. काल म्हणाली, "गाऱ्हाणां बरां घातलंस. पण देवाचां नाव खंय घेतलंस?" ऐकलं होतं तर तिने. भीतीने देवाचं नाव तोंडात आलंच नाही. म्हाराजा म्हणत मी तुम्हालाच हाक मारली होती, अण्णा.

हे पत्र तुमच्यापर्यंत नेईल अशी एक आईच आहे, आणि तिला पाठवायला मी तयार नाही. म्हणून घडी घालून ठेवून देतेय. तुम्ही तिची वाट बघत असाल, कळतं मला. बघा आणखी थोडी.