उसवलेली कड

धाकटे,

मी कामावर निघाले, सहाला येते. टेबलक्लॉथ शिलाई मशीनवर ठेवलाय. काल सासूबाईंनी तुझ्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हिची टीप बघ, पट्टीने आखल्यासारखी." माझ्या दोन कडांना नुसतं "बरंय". बारा वर्षं या घराचे पडदे मी शिवतेय.

म्हणून सकाळी तुझी एक कड मी उसवली. सासूबाईंना सांगितलं, दोरा कच्चा होता. म्हटलं, आता मीच शिवून दाखवते. तीनदा दुमडली, तिन्ही वेळा तिरकी गेली. मग नीट पाहिलं तर दुमडीच्या जागी कापडातला एक धागाच नाही. म्हणजे तू आधी धागा ओढून काढतेस आणि त्या रेघेवर दुमडतेस. तीन वर्षांत एकदाही बोलली नाहीस, पक्की आहेस. मी आपली नजरेच्या भरवशावर.

हे कळेपर्यंत माझी निघायची वेळ झाली. पाहुणे सातला येतील, त्याआधी तेवढी कड शिवून टाक. दोऱ्याचं खरं काय ते सासूबाईंना मी आल्यावर सांगते. तू आधी सांगू नकोस, माझी चुगली मलाच करू दे.

आणि माझ्या कडा सरळ करायला जाऊ नकोस.

तुझी जाऊ