काळ्या पडद्याआडचा अर्ज

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गेला! आठ दिवसांचा कोरा करकरीत लॅपटॉप — बटण दाबलं, दिवा लागला, पडदा काळाच. परत दाबलं. काळाच. अर्ज त्यातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आणि शनिवारी पाचपर्यंत पाठवायचाय.

नऊ वर्षं दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेतेय. आता कवळ्या बनवायला शिकायचंय — दोन वर्षं, दुसऱ्या शहरात. बाबांना यातलं अक्षरही माहीत नाही. दवाखान्याचं काम अडलंय, एवढंच सांगितलं.

शुक्रवार, १०

दुकानदाराला फोन केला. "आणून द्या मॅडम, दहा दिवसांत मिळेल." दहा दिवस! चार्जर काढून, बटण मिनिटभर दाबून धरून पाहिलं. ढिम्म. रडू यायचं बाकी होतं.

बाबा मात्र खुशीत! तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, चार वर्षांपूर्वी दुकान बंद झालं तेव्हापासून नुसता बसून आहे. लॅपटॉपला कान लावून म्हणाले, "पंखा फिरतोय. आत जीव आहे. खोलू का?"

खोलला तर वॉरंटी जाईल म्हटलं.

"मग न खोलता बघू."

शनिवार, ११

चित्र आहे!! दुपारी बाबांनी खिडक्या लावून खोलीत अंधार केला, लॅपटॉपच्या पडद्यावर टॉर्च तिरका धरला. "इथून बघ." अगदी फिकट, पण सगळं दिसत होतं — घड्याळसुद्धा. म्हणजे लॅपटॉप सुरूच होता, फक्त पडद्यामागचा उजेड गेलेला. मी चक्क उड्या मारल्या, या वयात. बाबांनी सेट-टॉप बॉक्सची केबल उपसून लॅपटॉपला जोडली, आणि टीव्हीवर सगळं लख्ख!

आनंदाच्या भरात मी तडक अर्ज उघडला. बघणारी मी एकटी नाही, हे डोक्यातच आलं नाही. भिंतभर अक्षरं — "वडिलांना एकटं सोडता येत नाही, म्हणून आजवर कुठे गेले नाही."

धावत टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"सरक," बाबा म्हणाले.

चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. ते रागावले असते तरी चाललं असतं, पण वाईट वाटून गप्प बसले तर काय करायचं, तेच कळेना.

"फोन नंबरात एक आकडा कमी आहे," म्हणाले. "नीट कर आणि पाठव."

चार वाजून दहा मिनिटांनी पाठवला. गेला!

रविवार, १२

बाबा सकाळपासून फोनवर, जुन्या भागीदाराशी. दुकान बंद झालं तेव्हा तो आपल्या गावी गेला, तिथे नवं दुकान थाटलं. चार वर्षं बाबांना बोलावतोय म्हणे. मला कधी बोलले नाहीत.

मी दाराआड उभी होते. बाबा त्याला सांगत होते, "आता येतो रे. पोरगी एकटी पडेल म्हणून अडून बसलो होतो."