पुसलेलं माप

तीर्थरूप दाजींस,

कात्री बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला थांबला का? तिला सांगा, नव्या घरात पाय ठेवाल तेव्हा पडदे लागलेले असतील, मी शब्द दिलाय. इथे सगळ्यांची प्रकृती उत्तम, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. त्याचं कारण तुमच्याच घरात आहे (धाकटी कन्या).

एक ओळ पुसायची मला खरोखर काय किंमत पडली ते आधी सांगतो. निळ्या कापडाचा अर्धा तागा, शिवणवाल्या बाईंची अख्खी दुपार, दातांचे डॉक्टर हे जुनं गिऱ्हाईक, आणि हिची बोलचाल. (यातलं शेवटचं आज सकाळी परत मिळालं, पण "चहा ठेवलाय" एवढ्यापुरतंच.)

तुम्ही मला ओळखता. एका शिवणयंत्रावरून पडद्यांचं दुकान उभं केलं ते नुसत्या नजरेवर. गळ्यात मापाची फीत अडकवून फिरणाऱ्यांतला मी नव्हे. खिडकीसमोर उभं राहायचं, एक डोळा बारीक करायचा आणि माप सांगून मोकळं व्हायचं. कान तर असे, की आतल्या खोलीत कात्री अडखळली तरी मला बाहेर गल्ल्यावर कळतं.

तर मामाचा भार हलका व्हावा म्हणून तुमच्या कन्येने दुकानात तीन एआय मदतनीस बसवून दिले. एक फोन घेतो, एक कापायचं माप टेबलावर पाठवतो, एक पडदे लावायला माणूस धाडतो. तिघांची आठवण सामायिक. एकाला कळलं की तिघांना कळलं (आपल्या थोरल्या काकूंची पद्धत, फक्त यांना चहा लागत नाही). "मामा, एखादी नोंद नको असली तर नुसतं 'पुसा' म्हणायचं," असं सांगून ती गेली. वाटलं, किती सोपं!

गेल्या आठवड्यात मी गल्ल्यावर बसलोय, आणि फोनवाला दातांच्या डॉक्टरांना मधाळ आवाजात सांगतोय, "काळजी नसावी, मालकांनी नजरेने सांगितलेलं माप आम्ही नेहमी फितीने तपासून घेतो." दाजी, माझ्याच दुकानात! माझ्याच विजेवर! विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणे, आठवणीत नोंद आहे. म्हटलं, पूस. म्हणाला, पुसली.

दुसऱ्या दिवशी मापवाल्याने पुन्हा फितीचं माप मागितलं. का, तर माणूस धाडणाऱ्या तिसऱ्याने तीच गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून वेगळी नोंदवून ठेवली होती. तीही पुसायला लावली. संध्याकाळी बघतो तर तिच्या जागी नवीन ओळ: "मालकांना मापाची शंका घेतलेली आवडत नाही. तपासावे, पण सांगू नये." सांगू नये! मग मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मापाबद्दल जे जे असेल ते सगळं पुसा," म्हणून ओरडलो. फोनवाला शांतपणे विचारतो, "सगळं? नक्की?" ही शेजारीच उभी. हिच्यादेखत माघार कशी घेणार? "नक्की," म्हटलं.

त्याने सगळं पुसलं. सगळं म्हणजे आजवर नोंदलेलं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रत्येक खिडकीचं माप. तुमची कन्या फोनवर म्हणते, "मामा, ते आता परत नाही हो येत. पण तुम्ही 'सगळं' म्हणालात कशाला?" म्हणजे पुसणारा साळसूद आणि सांगणारा गुन्हेगार! वा रे शिक्षण!

मी डगमगलो नाही. डॉक्टरांची खिडकी माझ्या डोळ्यांसमोर होती. माप सांगितलं, आणि ते तपासायचं असतं हे आठवणारं दुकानात कोणी उरलंच नव्हतं. पडदे वीतभर आखूड निघाले. त्या खिडकीसमोरच बसथांबा. आता खुर्चीत आ वासून बसलेला रोगी आणि बाहेरची रांग एकमेकांचे दात मोजतात. डॉक्टर म्हणाले, "मालक, पडद्याला अर्धी चड्डी शिवलीत की काय?" माझं ठाम मत आहे, की त्यांनी मध्यंतरी खिडकी वाढवून घेतली असावी.

हे पत्र मुद्दाम हाताने लिहितोय. फोन केला असता तर तिघांच्या आठवणीत गेलं असतं. कन्येला माझ्या वतीने रागे भरा (फार नको, पोर गुणी आहे).

तुमचा, नजरेचा पक्का,
धाकटा मेहुणा

ता. क. पहिली ओळ कोणी घातली त्याचा छडा लागला. चहाचा कप समोर ठेवत ही म्हणाली, "मीच. पहिल्याच दिवशी. इतकी वर्षं तुम्ही माप सांगून पुढे जायचात आणि मी मागून फीत लावून यायची. म्हटलं, आता ते तिघं बघतील." मी चहा प्यालो.

आणखी ता. क. पुसलेल्या मापांत तुमच्या नव्या घराच्या खिडक्याही होत्या. कापड टेबलावर पसरलंय. शिवणवाल्या बाई कात्री धरून उभ्या आहेत, माझ्या तोंडाकडे बघतात आणि कापत नाहीत. तुमच्या खिडक्या मला अगदी लख्ख आठवतात. तरी सवड काढून प्रत्येक खिडकी ताईकडून मोजून घ्यावी आणि कळवावं. पाकिटात फीत ठेवली आहे. दुसरी माझ्या गळ्यात आहे.