जामीनदाराच्या जागी तुमचा नंबर

बाबा,

काल दुपारी फोन वाजला आणि त्यावर तुमचं नाव आलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमचा नंबर मी पुसलेला नाही, म्हणून आलं. पाहुणे जेवत होते, माझ्या हातात सोलकढीचं भांडं होतं. भांडं खाली ठेवलं, हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मग फोन उचलला. बटण का लावलं ते मला विचारू नका. फोन कुणाचा होता ते सांगतो, पण त्याआधी माझा मूर्खपणा सांगायला हवा. रागवाल, ते माहीत आहे. निदान पूर्ण ऐकून रागवा.

वाडीत माडांखाली मी दोन खोल्या बांधल्या आहेत. मुरुडला येणारे पाहुणे उतरतात, तुमची सून त्यांना रांधून घालते. पत्रे गंजले होते आणि पाहुण्यांना हल्ली समुद्राचा वारा पुरत नाही, एसी लागतो. बँकेत गेलो तर त्यांनी सातबारा मागितला. सातबाऱ्यावर आपल्या भाऊबंदांची चौदा नावं. निम्मे मुंबईत, दोघे आखातात, एकाचा तर पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या आणा, म्हणाले. हंगाम तोंडावर आलेला. त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली, वैयक्तिक कर्ज, तारण नको, जामीनदार नको. जामीनदार नको हे वाचून मला फार बरं वाटलं, बाबा. खरं सांगायचं तर तिथेच घसरलो.

कारण जामीनदार म्हटलं की तुम्ही आठवता. मराठी शाळेचे गुरुजी, दर महिन्याला पगाराची पावती, त्यामुळे पतपेढीच्या कर्जाला अख्ख्या आळीला तुमचीच सही हवी असायची. आणि तुम्ही शाळेत किंवा पतपेढीत कधीच सही केली नाहीत. कागद घेऊन त्या माणसाच्या घरी जायचात, थेट स्वयंपाकघराच्या दारात बसायचात. मला अजून दिसतंय. शेजारचा होडीवाला भिंतीला टेकून उभा आहे, त्याची बायको बांगडे साफ करता करता थांबली आहे, आणि तुम्ही पेनाचं टोपण न काढता म्हणताय, "आकडा सांग. तोंडानं सांग, हिच्यासमोर." तो म्हणतो, "गुरुजी, कागदावर लिवलाय की." तुम्ही म्हणता, "कागदावरचा मी वाचलाय. हिनं न्हाय ऐकला." तो पायाच्या अंगठ्याकडे बघतो. मग आकडा सांगतो. ती पुन्हा बांगडे साफ करायला घेते, आणि तेव्हा तुम्ही सही करता. परतताना मी विचारलं होतं, ती नाही म्हणाली असती तर? तुम्ही म्हणालात, मग सही केली नसती, चहा पिऊन आलो असतो.

मी तुमच्या सुनेला सांगितलं नाही. पैसे मंजूर झाले की सांगू, असं ठरवलं होतं. मंजूर होईनात. का, तेही ऐका. सुपारी विकायची असली की तुम्ही रुमालात नमुना बांधून पाच दुकानं फिरायचात, पाचही जणांचा भाव ऐकायचात आणि त्या दिवशी कुणालाच माल न देता घरी यायचात. मी तेच केलं. एका सकाळी पाच ठिकाणी अर्ज टाकले, म्हटलं बघू कोण स्वस्तात देतो. नंतर बँकेतल्या एका मुलीनं समजावलं. "काका, प्रत्येक अर्जाची नोंद राहते. एका दिवसात पाच म्हणजे समोरच्याला वाटतं, या माणसावर काहीतरी आभाळ कोसळलंय. तुमचा स्कोअर तुम्हीच खाली आणलात." सुपारीच्या व्यापाऱ्याला शेजारच्या दुकानातलं कळत नसे. इथे सगळ्यांना सगळं कळतं. चार ठिकाणी नकार आला. पाचवं फोनमधलं एक ॲप होतं, त्यानं दहा मिनिटांत हो म्हटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. प्रक्रियेचे म्हणून काही कापले, न मागितलेल्या विम्याचे काही कापले. हातात आले ते कमी, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचून देणाऱ्या गुरुजींचा मुलगा मी, खाली खाली सरकवत गेलो आणि मान्य म्हणून बोट टेकवलं.

जामीनदार नको म्हणाले तरी जवळच्या एका नातेवाइकाचा नंबर मागितला होता. भावाचा दिला तर त्याला कळेल, मेहुण्याचा दिला तर हिला कळेल. मी तुमचा दिला. बंद पडलेला नंबर कुणाला काय सांगणार, असं वाटलं. आणि तुम्हाला पटणार नाही, पण तो लिहिताना आधारही वाटला. आळीभर सगळ्यांना जामीन राहिलात, मग मला का नाही?

एका खोलीचे पत्रे झाले, तेवढ्यात पैसे संपले. दुसरी खोली उघडी, पाहुणे निम्मे. दुसरा हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. कालचा फोन माणगावहून होता. भाजी विकणारी एक म्हातारी. बंद पडलेला तुमचा नंबर कंपनीनं कधीचाच तिला देऊन टाकला आहे. "भाऊ, त्या कर्जवाल्यांनीच तुमचा नंबर दिला. आठ दिस झाले, सारके फोन करतायत. तुमच्या मुलानं पैसे घेतले, तुमच्या मुलानं पैसे घेतले. मला मुलगाच न्हाय. दोन पोरी हायत, त्या दिल्या घरी." मी माफी मागायला लागलो तर मला थांबवून म्हणाली, "आज लय घान बोलला तो मानूस. मग मीच म्हटलं, व्हय, माझाच मुलगा हाय, देईल तो, तू आता गप रहा. तवा ठेवला त्यानं. देशील ना रं?"

देईन म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि विहिरीमागे जाऊन रडलो, बाबा. ओळख ना पाळख, ती न विचारता मला जामीन राहिली होती, तीही तुमच्या नंबरावरून.

काल संध्याकाळीच त्या कर्जवाल्यांचा निरोप आला. उद्यापासून माझ्या फोनमधल्या बाकीच्या नंबरांवर फोन जाणार. सगळे नंबर त्यांच्याकडे आहेत, बोट टेकवताना तीही परवानगी मीच दिली. पाहुण्यांचे, भावाचे, हिचा. तेव्हापासून हिचा फोन वाजला की हातातलं काम टाकून मी आधी नंबर बघायला धावतो. आत्ता पाहुणे जेवून आडवे झालेत आणि मी मागच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. आत भांडी घासायचा आवाज येतोय. तिचा फोन पाट्याशेजारी ठेवलेला मला इथून दिसतो. मघाशी तिनं विचारलं, कुणाला लिहिताय एवढं? तुम्हाला, असं सांगितलं. तेव्हापासून ती एकच पातेलं घासतेय.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, ते मला कळतं. बसलो तेव्हाच मनात होतं की लिहून झालं की हिच्या हातात द्यायचं, म्हणजे बोलावं लागणार नाही. म्हणून आत्ता पहिल्यापासून वाचून काढलं. सगळं लिहिलंय. आकडा तेवढा कुठेच लिहिलेला नाही.