सुनेनं काढलेली रेघ

मंगळवार, चंद्रपूर

अजून धुमसतेय. रागानं.

सावली गावच्या शेवंताबाईंच्या डाव्या छातीवरची रेघ आज वेगळीच दिसली. त्या रेघेवरूनच आम्ही कॅन्सरवरची किरणं देतो. त्या हसून म्हणाल्या, "पुतणीच्या हळदीले आंग घासलं बाई, पुसली. सुनेनं स्केचपेननं काढून देल्ली, बराबर तिथीच!"

बराबर नव्हती. बोटभर आत होती, हृदयाकडे.

मी मशीन थांबवलं. आमच्या विभागाचे मुख्य टेक्निशियन सर म्हणाले, "रेघ दिसून राह्यली ना? मंग घे. बाहेर लाइन पाह्य."

"नाई घेत." आवाज चढला का माझा? चढू दे. डॉक्टरांनी येऊन पुन्हा मोजून रेघ आखली. पाऊण तास गेला.

नोंदवहीत मी लिहिलं: रेघ घरी काढलेली, उपचार थांबवला. सर म्हणाले, "खोड ते. चूक बाईची हाये."

बाईची कशी? पुसली तर घरी काढू नका, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मी तरी सांगितलं होतं का? नाही.

तेही खाली लिहिलं. सही केली, पुढे बी.एस्सी. घातलं. आमच्या घरात ते फक्त माझ्याच नावापुढे लागतं. खोडायचं असेल तर सरांनी स्वतःच्या सहीनं खोडावं.