आधी दावं कापायचं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की बदलापूरच्या बेलवलीत तुमचा गोठा होता तिथं आता चार मजली बिल्डिंग आहे आणि खाली मोबाइल रिचार्जचं दुकान. मी सध्या उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे जीन्सना बटणं ठोकतो. त्याआधी अंबरनाथ पूर्वेला केबलच्या वायरी ओढत होतो, त्याआधी टेम्पोवर होतो. आई म्हणते, नातवाच्या पायाला चाकं लावून आजोबा गेले. शेठ मनात आलं की दाल-पकवान खिलवतो, वरून चिंचेची चटणी, कांदा. असो, कुठं निघालो होतो आणि कुठं आलो. मला तुमच्या बर्माच्या लढाईबद्दल लिहायचं होतं.

मी नववीत दुसऱ्यांदा बसलो होतो तेव्हाची दुपार. तुम्ही गोठ्याच्या दारात बसून दावं वळताय. "शाळा सुटली काय रं?" तुम्ही विचारता. मी म्हणतो, "मी सोडली." "बरं केलंस. धर हे टोक." मी टोक धरतो, तुम्ही पीळ देता, आणि कुणी विचारलेलं नसताना बर्मा काढता. इतर वेळी तुम्ही फक्त तिकडच्या जळवांच्या गमती सांगायचात. त्या दिवशी वेगळंच सांगितलंत. जंगलात जपान्यांचं रसदीचं कोठार होतं, तांदूळ आणि दारूगोळा. तुम्ही थोडेच जण बुटांना गोणपाट बांधून बांबूच्या बेटांतून तिथवर गेलात. विडीची मनाई, खोकायचीही मनाई. नुकतं फटफटलेलं. तुमच्या वाटणीला गवताची गंजी आली होती. ती पेटवायची आणि नाल्यात उतरून पळायचं, एवढंच काम. साताऱ्याकडचा तुमचा जोडीदार नाल्याच्या तोंडाशी बंदूक धरून तुमची वाट बघत होता. आणि गंजीच्या पलीकडे बैल बांधलेले. गाववाल्यांकडून गाड्यांसकट ओढून आणलेले.

आपल्याकडे गोठ्याला आग लागली की आधी दावं कापायचं, मग भांडीकुंडी, मग बोंब. तुम्ही काडी ओढायच्या आधी सुरी काढलीत. एका बैलाच्या गळ्यात लाकडी घंटा होती, ती दिसली नाही. सुटल्याबरोबर तो उधळला आणि ती वाजली. तेवढ्यात तुम्ही काडी लावलीत, धूर निघाला, मग गोळ्या. गंजी भडकली, मागोमाग कोठार उडालं, फत्ते झाली. पण साताऱ्याचा गडी गोळी लागून नाल्यातच राहिला. कुणासाठी थांबायचं नाही, असा हुकूम होता. पहारेकरी घंटेनं जागा झाला की धुरानं, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"आबा, येडे होतात काय? बैलांसाठी?"

"त्यांना कुठं पगार होता रं?" तुम्ही हसलात. मग हात थांबवून विचारलंत, "तू काय केलं असतंस?"

रस्त्यावर पोरं बॅट घेऊन शिट्ट्या मारत होती. मी म्हणालो, "आधी माणूस. बैल काय, बैलच."

"बराबर हाय तुझं," म्हणालात आणि माझ्या हातातलं टोक काढून घेतलंत. त्यानंतर जळवांच्या गमतीसुद्धा सांगितल्या नाहीत. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

मध्ये एका जुलैत उल्हास नदी बदलापुरात शिरली. नदीकडच्या तबेल्यात पाणी म्हशींच्या पोटाला लागलेलं, मालक बाहेरगावी, आणि म्हशी राखणारा, तापानं फणफणलेला भैया माळ्यावर अडकलेला. शिडी वाहून गेली होती. मी कंबरभर पाण्यातून आत गेलो. तो वरून हाका मारत होता, "ए भाई, इधर! पहले मेरे को उतार!" गाठी भिजून दगड झाल्या होत्या. मी कुडातला विळा ओढला आणि म्हशींची दावी कापत सुटलो. एक, मग दुसरी, मग पार कोपऱ्यातली रेडी. तो ओरडत होता आणि मला ऐकू येत होतं. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं, आबा. हातच तिकडे गेला. सगळी सुटल्यावर मी माळ्याखाली खांदा दिला. तो उतरला, एक कानाखाली मारली, आणि मग माझ्याच गळ्याला धरून बाहेर आला.

त्या दुपारी गोठ्यात तुम्हाला माझं उत्तर नको होतं, तुमच्यासारखाच हात जाणारा दुसरा एक माणूस हवा होता, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आज बटणांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हे लिहिलं. पुठ्ठा दुमडत नाही, खिशात मावत नाही, आणि कुठं टाकायचा तेही माहीत नाही. शेठ हाक मारतोय.

तुमची चूक नव्हती, असं शेवटी लिहिणार होतो. पण माझा भैया वाचला, आबा. तो वाचला नसता तर मी तुम्हाला लिहायला बसलो असतो की नाही, खरंच सांगता येत नाही.